गरोदरपण आणि संप्रेरकांची औषधे



आजचा विषय ठरला तेव्हा व्याख्यानमालेच्या एका चिटणिसांनी मला अगदी संकोचाने विचारले, की हा विषय महिला मंडळात ठेवला असता तर अधिक बरे झाले नसते काय? मी त्यांना सांगितले, की तसे करण्यात निम्मे काम वाया जाईल. गरोदर बाईची चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात जातो तो बहुधा तिचा नवरा, दीर किंवा सासरा. इंजेक्शन घ्यावे की न घ्यावे याचा निर्णय ओसरीवर होतो आणि तो ज्या बाईच्या अंगात टोचायचे तिला पुष्कळदा शेवटी कळतो. तेव्हा समोर पुरुष श्रोते बरेच दिसताहेत याचा मला आनंदच आहे.

आमच्या तपासणीच्या खोलीत नेहमी दिसणारे एक चित्र सांगते. बाईला दोन महिने झालेले असतात. मागच्या खेपेला तिसऱ्या महिन्यात पोटातून गेलेले असते. सोबत सासूबाई असतात. त्या बसता बसताच म्हणतात, ‘डॉक्टरीणबाई, या वेळी टिकायचं इंजेक्शन अगोदरच देऊन टाका. खर्चाचं काही नाही.’ दुसऱ्या दिवशी दुसरी बाई येते. तिला चार वर्षांपासून थायरॉईडची गोळी चालू असते. दिवस राहिले असे कळताच तिने ती आपल्या मनानेच बंद केलेली असते, कारण ‘गरोदरपणात हार्मोनचं औषध बाळाला वाईट’ असे शेजारणीने सांगितलेले असते. पहिलीला औषध हवे आहे, दुसरीला नको आहे. दोघींचा हेतू एकच, बाळ सुखरूप असावे. आणि दोघींचीही समजूत अपुरी आहे. ‘हार्मोन’ हा एकच शब्द दोघींनी धरला, पण तो शब्द धान्य या शब्दासारखा आहे. धान्य पचते की नाही, असे कोणी विचारले तर आपण विचारू, कोणते धान्य, किती आणि कोणाला?

संप्रेरक म्हणजे शरीरातील एका ग्रंथीत तयार होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवाला निरोप पोचवणारा पदार्थ. त्याचे प्रमाण अत्यल्प असते आणि परिणाम मोठा. गरोदरपणात ज्याचे नाव सर्वांत अधिक ऐकू येते ते प्रोजेस्टेरॉन. अंडाशयातून बीज बाहेर पडले की त्या जागी एक पिवळसर गाठ तयार होते, तिला पीतपिंड म्हणतात. १९२९ साली अमेरिकेत कॉर्नर आणि ॲलन या दोघा संशोधकांनी सशांवर प्रयोग करून दाखवले, की हा पीतपिंड काढून टाकला तर गर्भ टिकत नाही, आणि त्याचाच अर्क टोचला तर टिकतो. पुढे पाचसहा वर्षांत तो पदार्थ शुद्ध स्वरूपात हाती आला. बाईच्या शरीरात हे काम पहिले सातआठ आठवडे पीतपिंड करतो. त्यानंतर वार ते काम आपल्याकडे घेते आणि पुढे इतक्या मुबलक प्रमाणात करते, की बाहेरून दिलेली एखादी गोळी त्या मानाने काहीच नव्हे. हा तपशील ध्यानात ठेवावा. सातव्या महिन्यात ‘हार्मोन कमी पडतंय’ म्हणून इंजेक्शन घेणाऱ्या बाईला तो उपयोगी पडेल.

सशाच्या या प्रयोगातून एक विचार पुढे आला, आणि तो विचार दिसायला फार सरळ होता. गर्भपात होणाऱ्या बाईच्या शरीरात संप्रेरक कमी आढळते, मग ते बाहेरून भरून काढावे. विहिरीत पाणी कमी तर टँकरने ओतावे. यात चूक कोठे आहे हे कोणालाही चटकन दिसत नाही. मोठमोठ्या विद्वानांनाही दिसली नाही. त्याची किंमत काय पडली याची हकीकत जरा विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते.

१९३८ साली लंडनमध्ये एडवर्ड चार्ल्स डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रीच्या इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखे काम करणारा एक कृत्रिम पदार्थ प्रयोगशाळेत तयार केला. त्याचे नाव डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल. नाव लांबलचक आहे, म्हणून सगळे जग त्याला डीईएस म्हणते आणि मीही तसेच म्हणेन. संशोधन सार्वजनिक पैशावर झाले होते, त्यामुळे त्याचे पेटंट कोणी घेतले नाही. हेतू उदात्त होता. परिणाम असा झाला, की औषध स्वस्त, तोंडाने घेण्यासारखे आणि कोणालाही बनवता येण्यासारखे झाले. अमेरिकेत पुढे सुमारे दोनशे कंपन्यांनी ते बनवले.

बोस्टन येथे जॉर्ज स्मिथ आणि ऑलिव्ह स्मिथ हे पतिपत्नी संशोधन करीत होते. गरोदरपणात काही बिघाड होण्यापूर्वी संप्रेरकांचे प्रमाण घसरते असे त्यांना दिसले, आणि डीईएस दिल्याने वार अधिक प्रोजेस्टेरॉन तयार करील असा त्यांचा तर्क होता. त्यांनी एक वेळापत्रकच बसवले. सातव्या आठवड्यापासून रोज ५ मिलिग्रॅम, मग चढते प्रमाण, ते पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत रोज १२५ मिलिग्रॅम. १९४७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या कामासाठी डीईएसला परवानगी दिली आणि १९४८ मध्ये स्मिथ दांपत्याचा निबंध प्रसिद्ध झाला. निष्कर्ष उत्साहवर्धक होते. ज्या बायकांना गोळी दिली त्यांची बाळंतपणे चांगली झाली होती.

येथे थोडे थांबावे लागेल, कारण सगळी मेख इथेच आहे. ज्या बाईचा एकदा किंवा दोनदा गर्भपात झाला आहे तिला पुढच्या खेपेला काहीही औषध दिले नाही, तरी मूल होण्याची शक्यता न होण्यापेक्षा अधिक असते. पहिल्या तिमाहीतील गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. तो गर्भ वाढणारच नव्हता. आणि तो वाढत नाही म्हणून संप्रेरक खाली येते. संप्रेरक खाली आले म्हणून गर्भ गेला असे आपण म्हणतो, तेव्हा दिवा विझला म्हणून तेल संपले असे म्हणण्यातला प्रकार होतो. आता अशा बायकांपैकी शंभर जणींना तुम्ही गोळी द्या, विभूती द्या, नाहीतर गंडा बांधा. साठसत्तर जणींच्या कुशीत मूल येईल. त्या सगळ्या पेढे घेऊन तुमच्याकडे येतील. ज्यांचे गेले त्या येणार नाहीत, त्या दुसऱ्या डॉक्टरकडे जातील. अशा रीतीने डॉक्टराचा अनुभव तयार होतो. अनुभवी डॉक्टर हा शब्द आपण आदराने वापरतो, मीही वापरते, पण अनुभवाला तराजू लागतो. एका पारड्यात औषध घेतलेल्या बायका, तर दुसऱ्या पारड्यात तशाच पण औषध न घेतलेल्या बायका पाहिजेत.

असा तराजू शिकागोच्या विल्यम डीकमन यांनी धरला. विद्यापीठाच्या प्रसूतिगृहात त्यांनी ८४० स्त्रियांना डीईएस दिले आणि ८०६ स्त्रियांना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी दिली. १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषधाचा काहीही उपयोग नव्हता. पुढे १९७८ मध्ये त्याच आकड्यांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा औषध घेतलेल्यांत गर्भपात आणि अकाली प्रसूती उलट काहीशा अधिकच होत्या असे निघाले. या प्रयोगालाही एक डाग आहे, तो लपवणे बरे नव्हे. त्या स्त्रियांना आपण प्रयोगात आहोत हे सांगितलेलेच नव्हते. कळल्यावर १९७० च्या दशकात त्यांनी विद्यापीठावर दावा लावला.

१९५३ साली उपयोग नाही असे सिद्ध झाले म्हणजे औषध बंद झाले असेल असे आपल्याला वाटेल. झाले नाही. ते आणखी अठरा वर्षे चालू राहिले. १९५७ मधील एका अमेरिकन जाहिरातीत तर हे औषध सर्वच गरोदर स्त्रियांना द्यावे, त्याने बाळे अधिक मोठी आणि सशक्त होतात असे म्हटलेले आहे. म्हणजे जिला काहीही झालेले नाही तिलाही! याच काळातली दुसरी एक गोष्ट सांगते. कोंबड्या गुबगुबीत व्हाव्यात म्हणून त्यांच्या मानेत डीईएसच्या बारीक गोळ्या बसवीत असत. ते मांसात उतरते म्हणून अमेरिकन सरकारने १९५९ साली कोंबड्यांना डीईएस देणे बंद केले. गरोदर स्त्रियांसाठीचा इशारा निघायला १९७१ साल उजाडावे लागले. यावर मी काही भाष्य करीत नाही.

आता १९७१ साली काय झाले ते पाहा. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये आर्थर हर्ब्स्ट आणि हॉवर्ड अल्फेल्डर या डॉक्टरांपुढे काही वर्षांत योनिमार्गाच्या कर्करोगाच्या कोवळ्या मुली येऊ लागल्या. वये पंधरा ते बावीसच्या आसपास. हा रोग मुळातच विरळ, आणि होतो तो पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांना. इतक्या लहान वयात असा प्रकार कोणी पाहिलेला नव्हता. डॉक्टरांनी नाना प्रश्न विचारले, पण धागा मिळेना. शेवटी एका मुलीच्या आईनेच विचारले, की मी ही पोटात असताना डीईएस घेतले होते, त्याचा काही संबंध असेल का? डॉक्टरांनी तो प्रश्न हसण्यावारी नेला नाही. त्यांनी आठही मुलींच्या आयांना विचारले. आठांपैकी सात जणींनी पहिल्या तिमाहीत डीईएस घेतलेले होते. मग तुलनेसाठी त्याच सुमारास जन्मलेल्या ३२ निरोगी मुलींच्या आया शोधल्या. त्यांपैकी एकीनेही घेतलेले नव्हते. एप्रिल १९७१ मध्ये निबंध आला आणि नोव्हेंबरमध्ये सरकारने गरोदरपणात डीईएस देऊ नये असा इशारा डॉक्टरांना दिला. युरोपातील काही देशांत ते त्यानंतरही काही वर्षे चालू होते. फ्रान्समध्ये १९७७ पर्यंत.

औषध आईने घेतले, आईला काही झाले नाही, मूल चांगले जन्मले, बारसे झाले, मुलगी शाळेत गेली, वयात आली, आणि मग वीस वर्षांनी फळ दिसले. औषधाच्या दुष्परिणामांचा असा प्रकार त्यापूर्वी वैद्यकाला ठाऊक नव्हता. १९६१ च्या सुमारास थॅलिडोमाइडने झालेला अनर्थ बाळ जन्मताच डोळ्यांना दिसत होता. हा दिसत नव्हता. कर्करोग झालेल्या मुलींचे प्रमाण सुदैवाने थोडे, हजारात एक किंवा त्याहूनही कमी. पण इतर नुकसान व्यापक निघाले. मुलीचे गर्भाशय आईच्या पोटात पहिल्या चारपाच महिन्यांत घडते. त्या वेळी भलताच निरोप मिळाल्याने त्याचा आकार बिघडला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ पाहणीत, वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत वंध्यत्वाचा अनुभव डीईएसच्या मुलींपैकी ३३ टक्क्यांना आणि इतर स्त्रियांपैकी साडेपंधरा टक्क्यांना आला होता. ज्यांना दिवस राहिले त्यांच्यात अकाली प्रसूती झालेल्या ५३ टक्के, तर इतरांत जवळपास १८ टक्के. आजीने मूल टिकावे म्हणून गोळी घेतली आणि नातवंड टिकेनासे झाले. मुलग्यांतही अंड न उतरणे, अंडाजवळ गाठी होणे असे दोष आढळले. नातवंडांच्या पिढीचा शोध अजून चालू आहे. त्याचे कारण उघड आहे. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडाशयात तिच्या आयुष्यभराची बीजे तयार होतात. म्हणजे गरोदर बाईने घेतलेल्या गोळीसमोर एकाच वेळी तीन पिढ्या बसलेल्या असतात.

ज्या मुलींना इजा झाली त्यांपैकी बहुतेकींना आपल्या आईने कोणत्या कंपनीची गोळी घेतली ते सांगता येईना. वीस वर्षांपूर्वीची चिठ्ठी कोणी जपली असणार? १९८० साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने यावर असा निर्णय दिला, की बाजारात ज्या कंपनीचा जेवढा वाटा होता तेवढी तिने भरपाई द्यावी. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवतात. आपल्याकडे बाळंतपण झाले की सगळे कागद रद्दीत जातात. ते मुलांच्या जन्मदाखल्याबरोबर एका पाकिटात ठेवावेत, इतके तरी या प्रकरणावरून शिकता येईल.

दुसरी हकीकत थोडक्यात सांगते, कारण तिचा एक धागा आपल्या देशात येतो. १९५० आणि ६० च्या दशकांत गर्भ आहे की नाही हे ओळखण्यासाठी संप्रेरकांच्या गोळ्या देत. दोन गोळ्या घ्यायच्या. दिवस राहिले नसतील तर पाळी येते, राहिले असतील तर येत नाही. ब्रिटनमध्ये प्रिमोडॉस नावाची अशी गोळी १९५८ ते १९७८ पर्यंत मिळत होती. १९६७ साली डॉ. इझाबेल गॅल यांनी मणक्याच्या जन्मजात दोषाशी तिचा संबंध असावा अशी शंका प्रसिद्ध केली. संबंध खरोखर आहे की नाही यावर अजूनही एकमत नाही. २०१७ मध्ये ब्रिटिश तज्ज्ञ समितीने कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असे म्हटले, आणि २०२० मध्ये बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीने १९६७ मध्येच ती गोळी मागे घ्यायला हवी होती असे म्हटले. या दोन विधानांत मला विरोध दिसत नाही. लघवीच्या साध्या तपासणीने जे कळते, त्यासाठी गर्भाला रेसभरही धोका पत्करण्याचे कारण काय होते?

आपल्याकडे हीच वस्तू इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनची मोठ्या मात्रेची जोडगोळी म्हणून आली. इथे तिचा आणखी एक उपयोग बायकांनी आणि दुकानदारांनी शोधून काढला. चुकलेली पाळी आणण्यासाठी, म्हणजे खरे तर नको असलेला गर्भ पाडण्यासाठी, ती घेतली जाऊ लागली. तिने गर्भ पडत नाही. पाळी आली नाही की बाई दैवावर हवाला ठेवून गप्प बसे आणि गर्भ ते औषध पिऊन वाढत राही. १९८२ साली सरकारने बंदीचा हुकूम काढला. उत्पादकांनी न्यायालयातून स्थगिती आणली. डॉक्टर, ग्राहक आणि स्त्रियांच्या संघटना झगडल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, जाहीर सुनावण्या झाल्या आणि १९८८ मध्ये बंदी पक्की झाली. संततिनियमनाच्या गोळ्या या बंदीतून वगळलेल्या आहेत. त्यांतील मात्रा कितीतरी कमी असते.

यावरून ओघानेच एक खुलासा करते. पुष्कळ बायका घाबरून येतात, की गर्भ राहिला हे कळले नाही आणि महिनाभर संततिनियमनाची गोळी घेतच राहिले, आता बाळाचे काय होईल? २०१६ साली डेन्मार्कमधील आठ लाख ऐंशी हजारांहून अधिक जन्मांची पाहणी प्रसिद्ध झाली. गोळी कधीच न घेतलेल्या, दिवस राहण्यापूर्वी बंद केलेल्या आणि दिवस राहिल्यावरही चालू असलेल्या, अशा सर्व मातांच्या बाळांत मोठ्या जन्मदोषांचे प्रमाण सारखेच, हजारी सुमारे पंचवीस, होते. तेव्हा गोळी थांबवावी, गर्भ पाडायला धावू नये.

आता सासूबाईंच्या इंजेक्शनाकडे वळू. डीईएस वाईट ठरले म्हणून प्रोजेस्टेरॉनही वाईट, हा न्याय बरोबर नाही. तो वेगळा पदार्थ आहे. प्रश्न असा, की त्याने गर्भ टिकतो का? सुदैवाने आता तराजू धरून केलेले मोठे प्रयोग आपल्याजवळ आहेत. वारंवार गर्भपात होणाऱ्या ८३६ स्त्रियांवरील प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रोजेस्टेरॉन घेतलेल्यांपैकी ६५.८ टक्के स्त्रियांना आणि नुसती बनावट गोळी घेतलेल्यांपैकी ६३.३ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. हा फरक नगण्य आहे. पाहा, काहीही न घेता शंभरातील त्रेसष्ट! पूर्वी गर्भपात झालेल्या प्रत्येक बाईला मी हा आकडा सांगते. त्याने जी झोप लागते ती कोणत्याही गोळीने लागत नाही.

दुसरा प्रयोग २०१९ चा. ब्रिटनमधील ४८ रुग्णालयांतील ४१५३ स्त्रिया, सर्वांना सुरुवातीच्या आठवड्यांत अंगावर डाग दिसत होते. एकूणात ७५ आणि ७२ टक्के, म्हणजे पुन्हा निश्चित फरक नाही. पण ज्यांचे पूर्वी तीन किंवा अधिक गर्भपात झाले होते आणि या खेपेलाही डाग दिसत होता, त्यांच्यात ७२ विरुद्ध ५७ टक्के असा ठळक फरक दिसला. यावरून २०२१ मध्ये ब्रिटनच्या मार्गदर्शक संस्थेने सल्ला दिला, की पूर्वी गर्भपात झाला आहे आणि आता रक्त जात आहे, अशा बाईला योनिमार्गात ठेवायचे प्रोजेस्टेरॉन द्यावे. दोन्ही गोष्टी असल्या पाहिजेत. नुसत्या भीतीसाठी ते नव्हे. गर्भाशयाचे तोंड आखूड झाल्याचे सोनोग्राफीत दिसले, तर अकाली प्रसूती टाळण्यासाठीही त्याचा चांगला उपयोग होतो. या प्रयोगांत बाळांतील जन्मदोष वाढलेले आढळले नाहीत.

मात्र ‘प्रोजेस्टेरॉन’ या नावाखाली दुकानात जे जे मिळते ते सारे सारखे नाही, हे विसरू नये. काही कृत्रिम भावंडांत पुरुषी संप्रेरकाचा अंश असतो. १९५८ ते ६० च्या सुमारास बाल्टिमोरचे डॉ. लॉसन विल्किन्स यांनी दाखवले, की अशी औषधे भारी मात्रेत गरोदरपणी घेतलेल्या मातांच्या मुलींत बाह्य जननेंद्रियांचे स्वरूप मुलग्यासारखे झाले होते. पाळी पुढे ढकलण्यासाठी नॉरेथिस्टेरॉनची गोळी लग्नकार्यात, व्रतवैकल्यात आपल्याकडे सर्रास घेतात. घेण्यापूर्वी दिवस राहिलेले नाहीत याची खात्री केलेली बरी. अकाली प्रसूती टळावी म्हणून दर आठवड्याला टोचायचे दुसरे एक कृत्रिम प्रोजेस्टेरॉन अमेरिकेत २०११ साली मंजूर झाले. २०१९ मध्ये १७०८ स्त्रियांवरील प्रयोगात त्याचा उपयोग दिसला नाही आणि २०२३ मध्ये ते मागे घेतले गेले. डीईएसला अठरा वर्षे लागली होती, इथे चार लागली. प्रगती म्हणायची तर ही.

खऱ्या प्रोजेस्टेरॉनचेही किरकोळ त्रास असतात. तोंडाने घेतले तर गुंगी आणि चक्कर येते, म्हणून ते रात्री निजताना घ्यावे आणि घेऊन लगेच जिना उतरू नये. तेलातले इंजेक्शन फार दुखते, गाठ येते, कधी पू होतो. पोट फुगते, शौचाला साफ होत नाही. तळहात आणि तळपाय यांना विलक्षण खाज सुटली तर मात्र ती घामोळी समजू नये, यकृताच्या पित्ताचा तो इशारा असू शकतो आणि त्याच दिवशी डॉक्टरला सांगावे.

एका औषधाबद्दल मला थोडे कठोर बोलावे लागेल. दुसऱ्या महिन्यात गाईच्या दुधाबरोबर घ्यायची, मुलगा होण्याची पुडी. उत्तर भारतात ही पुडी शिवलिंगीचे बी, माजूफळ वगैरेंची करतात. हरियाणात अशा पुड्यांची तपासणी झाली तेव्हा त्यांत इस्ट्रोजेनसारखे काम करणारे वनस्पतिज पदार्थ आढळले, आणि त्या खाल्लेल्या मातांच्या बाळांत जन्मदोषांचे प्रमाण अधिक दिसले. मुलगा की मुलगी हे बीज फळते त्याच क्षणी ठरून गेलेले असते. दुसऱ्या महिन्यात पुडी देणारा माणूस निम्म्या वेळा खरा ठरतो, कारण निम्म्या वेळा मुलगाच होतो. पण पुडी खाल्ली जाते ती नेमक्या अवयव घडण्याच्या आठवड्यांत. ‘जडीबुटी आहे, तिचा काय अपाय’ असे म्हणणाऱ्यांनी डीईएसही ‘फक्त एक गोळी’ होती हे आठवावे.

राहिली ती थायरॉईडवाली बाई. तिची चूक पहिलीपेक्षा अधिक महाग पडू शकते. गर्भाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम सुरू करते आणि ते काम पूर्णपणे पेलायला तिला आणखी काही आठवडे लागतात. तोपर्यंत मेंदूच्या वाढीला लागणारे थायरॉक्सिन केवळ आईकडून येते. आईनेच गोळी बंद केली तर बाळाने ते आणायचे कोठून? गरोदरपणात या गोळीची गरज वाढते, साधारणपणे पाव ते निम्म्याने. म्हणून दिवस राहिल्याचे कळताच गोळी चालू ठेवावी आणि त्याच आठवड्यात रक्त तपासून मात्रा ठरवून घ्यावी. ही गोळी म्हणजे शरीरात असायलाच हवा तो पदार्थ, हवा तेवढाच. डीईएसशी तिची तुलना करणे म्हणजे मीठ आणि सोमल दोन्ही पांढरे म्हणून सारखे मानणे.

मधुमेही बाईच्या इन्सुलिनचेही असेच. ते वारेतून बाळापर्यंत जातच नाही, साखर मात्र जाते. दमा किंवा संधिवातासाठी चालू असलेले प्रेडनिसोलोन वारेत बरेचसे निष्प्रभ होते. ते एकदम तोडल्यास आईचा जीव धोक्यात येतो. याच वर्गातील डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन वार ओलांडून पलीकडे जातात, आणि त्याच गुणाचा उपयोग न्यूझीलंडचे लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली बीटामेथासोन वापरून करून दाखवला. अकाली जन्मणाऱ्या बाळाची फुप्फुसे त्याने लवकर पक्व होतात. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, केनिया आणि नायजेरिया या देशांतील २८५२ स्त्रियांवर झालेला प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. इंजेक्शन न मिळालेल्यांची २३.५ टक्के नवजात बाळे दगावली आणि मिळालेल्यांची १९.६ टक्के. औषध जुने आणि अगदी स्वस्त आहे. आईची साखर त्याने चारदोन दिवस वाढते, म्हणून मधुमेही बाईवर लक्ष ठेवावे लागते. पुनःपुन्हा देत राहिल्यास बाळाचे वजन घटते, म्हणून कारणाशिवाय देऊ नये. पण सातव्या महिन्यात कळा सुरू झालेल्या बाईला डॉक्टर हे इंजेक्शन द्यायचे म्हणाले, तर ‘हार्मोनचं नको’ म्हणून हुज्जत घालू नये. त्याचा पुरा गुण यायला एक दिवस लागतो, आणि तो दिवस घरच्या चर्चेत घालवण्यासारखा नसतो.

थायरॉईडच्या गोळीबद्दल एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली. ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी. लोहाची आणि चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची, गोळी गरोदर बाईला चालू असतेच. ती तिच्याबरोबर घेतली तर थायरॉक्सिन पोटातून नीट शोषले जात नाही. चार तासांचे अंतर ठेवावे. लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर घेतली म्हणजे आपोआप तेवढे अंतर पडते. आता कोणाला काही विचारायचे असेल तर चिठ्ठ्या पाठवाव्यात. नाव लिहिण्याची गरज नाही.